सुक्याबरोबर ओलंही जळतं: अमेरिकेचा तंबाखू कायदा आणि पाइप-सिगारचे शौकीन

ह्या ज्या काचेच्या बरण्या दिसतायत ना, त्यात पाइपचा तंबाखू आहे. अमेरिकेतल्या जुन्या पाइप शॉपमध्ये गेलात की असंच असतं, काउंटरमागे फळीवर बरण्या आणि बाजूला एक छोटा तराजू. गिऱ्हाईक झाकण काढून वास घेतं, मग दुकानदार दोन-तीन बरण्यांमधून थोडं थोडं काढतो, गोडसर व्हर्जिनिया, भरीला बर्ली आणि चवीपुरता लटाकिया, जो धुरावर धरतात त्यामुळे त्याला आपल्या चुलीवरच्या धुरकटलेल्या भांड्यासारखा वास असतो. झालं दुकानाचं स्वतःचं ब्लेंड तयार. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. 2016 मध्ये केंद्र सरकारचा नियम आला आणि त्याने सांगितलं की असं मिसळून विकणारा माणूस नुसता दुकानदार नाही, तो तंबाखू उत्पादक आहे. म्हणजे सिगारेटचा कारखाना चालवणाऱ्या कंपनीला जी नोंदणी, जी घटकांची यादी, जे अर्ज, तेच सगळं ह्या तराजूवाल्याला पण.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तंबाखू वाईटच. पाइप असो की सिगार, तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, धूर छातीत न ओढणाऱ्यालाही होतो, त्यामुळे हा व्हिडिओ बघून कुणी सुरू करू नका. सरकारने तंबाखूवर लगाम घालू नये असंही माझं म्हणणं नाही, घालायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यांच्यासाठी कायदा केला ते वाट काढून गेले आणि ज्यांचा काही संबंध नव्हता ते अडकले, आणि हे कसं झालं ते नीट बघायला पाहिजे कारण हे घडलंय ते एका नावामुळे.

चला 2009 मध्ये. ह्या वर्षात तीन महिन्यांच्या आत दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट कराची. लहान मुलांच्या आरोग्य विम्यासाठी पैसा उभा करायचा होता म्हणून 1 एप्रिल 2009 पासून तंबाखूवरचा केंद्रीय कर वाढवला. हेतू चांगलाच होता. तोपर्यंत घरी सिगारेट वळायचा सुटा तंबाखू आणि पाइपचा तंबाखू ह्या दोघांवर कर सारखाच होता, पाउंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, 1 डॉलर 10 सेंटच्या आसपास. नव्या दरात पाइपचा तंबाखू गेला 2 डॉलर 83 सेंटवर, आणि सिगारेटवाला सुटा तंबाखू एकदम 24 डॉलर 78 सेंटवर. पाउंडामागे जवळजवळ 22 डॉलरचा फरक! आणि ह्यातला कुठला माल पाइपचा हे ठरवायचं कशावरून, तर तो दिसतो कसा, प्रकार कुठला, पाकीट कसलं आणि लेबल काय सांगतं ह्यावरून. ओलावा किती, पान कापलंय किती जाड, असं मोजून बघता येईल असं त्यात काहीच नाही.

मग काय होणार? कंपन्यांनी लेबल बदललं. कालपर्यंत ज्या पिशवीवर सिगारेटचा तंबाखू लिहिलेलं असायचं, तिच्यावर आता पाइप टोबॅको. मोठ्या मोठ्या पिशव्या, आत तोच बारीक कापलेला माल आणि शेजारच्याच कप्प्यात रिकाम्या सिगारेटच्या नळ्या. सरकारच्याच लेखापरीक्षकांनी आकडे काढले: जानेवारी 2009 मध्ये महिन्याला साधारण 2 लाख 40 हजार पाउंड पाइप तंबाखू विकला जायचा, सप्टेंबर 2011 मध्ये तो 30 लाख पाउंडांच्या वर. आणि सिगारेटवाला सुटा तंबाखू 20 लाखांच्या आसपास होता तो सव्वातीन लाखांच्याही खाली. आता अडीच-पावणेतीन वर्षांत अमेरिकेत पाइप ओढणारे बारापट झाले असं तर कुणीच म्हणणार नाही. काही दुकानांत तर मशीनच बसवली होती, वरून हा तथाकथित पाइप तंबाखू टाकायचा, खालून सिगारेटी, काही मिनिटांत अख्खं कार्टन. जुलै 2012 मध्ये कायदा करून ह्या मशीनवाल्या दुकानांना उत्पादक ठरवलं तेव्हा कुठे तो प्रकार आवरला. पण पिशव्या राहिल्या. कराचा फरकही तसाच राहिला.

दुसरी गोष्ट 22 जून 2009 ची. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तंबाखू नियंत्रण कायद्यावर सही केली आणि तंबाखू आला एफडीएच्या हातात, म्हणजे अन्न आणि औषधं बघणारी त्यांची केंद्रीय संस्था. सुरुवातीला फक्त सिगारेट, वळायचा तंबाखू आणि तोंडात धरायचा तंबाखू एवढंच होतं. सिगार, पाइप, हुक्का, ई-सिगारेट हे बाहेर, पण एफडीएला वाटलं तर नियम करून आत घेता येईल अशी सोय होती.

एप्रिल 2014 मध्ये एफडीएने मसुदा काढला. त्यात सिगारसाठी दोन पर्याय होते, एक म्हणजे सगळे सिगार आत घ्यायचे आणि दुसरा म्हणजे हाताने वळलेले महाग सिगार, 10 डॉलर आणि त्यावरचे, ते वगळायचे. म्हणजे सिगारवाल्यांसाठी निदान विचार तरी झाला. पाइपसाठी दुसरा पर्यायच नव्हता. आणि मला विचाराल तर त्याचं कारण त्या 30 लाख पाउंडांत आहे. कागदावर पाइप तंबाखू म्हणजे प्रचंड खपाचा माल दिसत होता, त्याला सूट द्यायची म्हणजे सिगारेटच्या पिशव्यांना मोकळं रान. अधिकाऱ्याच्या जागी बसून बघितलं तर त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. पण महिन्याला 50 ग्रॅमचा एक डबा संपवणारा माणूस त्या आकड्यात कुठे दिसणार?

अंतिम नियम 10 मे 2016 ला छापून आला, 8 ऑगस्टपासून लागू. वगळलं कुणालाच नाही.

आता ह्यातली सगळ्यात जाचक गोष्ट, एक तारीख. 15 फेब्रुवारी 2007. ह्या दिवशी जो माल अमेरिकेच्या बाजारात होता तो सुटला, त्यानंतर आलेल्या प्रत्येक गोष्टीला एफडीएकडे अर्ज करायचा, की आमचा माल त्या जुन्या मालासारखाच आहे, किंवा मग नवीन म्हणून पूर्ण परवानगी मागायची, त्यासाठी शास्त्रीय माहितीचा ढीग. सिगारेटच्या कंपनीकडे ह्या कामाला अख्खं डिपार्टमेंट असतं. पाइपचं ब्लेंड करणारे बरेचसे लोक म्हणजे चार-सहा माणसांचा धंदा, आणि त्यांचं कामच मुळी नवीन ब्लेंड काढणं. ह्या वर्षी पान चांगलं आलं तर त्यातून एक छोटा लॉट करायचा, सणाला एक खास डबा काढायचा, आणि हौशी लोक त्याच्यासाठीच थांबलेले असतात. त्यांना सांगितलं की 2007 मध्ये जे होतं तेवढंच मोकळेपणाने विका.

8 ऑगस्ट 2016 च्या आधी जे बाजारात आलंय ते अर्जासाठी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत विकता येणार होतं, म्हणून त्या उन्हाळ्यात नुसती धावपळ. सिगारवाल्यांनी पुढच्या काही वर्षांत काढायचे ब्रँड आत्ताच बाहेर काढले, थोडेच का होईना पण विकले आणि बिलं जपून ठेवली. उद्या कुणी विचारलं तर पुरावा पाहिजे ना. फुकट सॅम्पल द्यायचंही त्याच दिवसापासून बंद.

आणि शौकीन लोकांनी काय केलं? साठा. पाइपवाल्यांमध्ये ही सवय आधीपासून आहे, व्हर्जिनियाचा तंबाखू हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं मुरतो आणि चव बदलत जाते, म्हणून लोक डबे तारखा घालून ठेवतात. पण आता त्यात भीती मिसळली. 2018 च्या सुरुवातीला कॅन्सस सिटीची मॅकलेलंड कंपनी बंद झाली, 1977 पासूनची. त्यांच्या व्हर्जिनियाचा डबा उघडला की व्हिनेगरचा वास यायचा, कुणाला टोमॅटो केचपची आठवण यायची, नवख्याला तो खराबच वाटायचा आणि जाणकार त्याच वासावर फिदा. कंपनीने कारण दिलं की आम्हाला पाहिजे त्या दर्जाचं पान आता मिळत नाही. म्हणजे सगळं कायद्याच्या डोक्यावर फोडू नका, शेतकरी कमी झाले, गिऱ्हाईक म्हातारं झालं, कंपन्या एकमेकींना गिळतायत. पण असा माणूस गेला की त्याच्या जागी दुसऱ्याने उभं राहायचं तर त्याला आधी अर्ज भरावा लागतो, आणि कायद्याची झळ बसते ती इथे. त्याच सुमारास डनहिल ह्या नावाजलेल्या ब्रँडचे पाइप तंबाखू बंद झाले, आणि मग अर्ली मॉर्निंग पाइप, नाइटकॅप वगैरे तीच ब्लेंड पीटरसन ह्या नावाने परत आली. सगळ्यांना हायसं वाटलं. तरी जुनंच नव्या लेबलखाली परत येणं आणि नवीन काही जन्माला येणं ह्यात फरक आहे.

सिगारवाले मात्र कोर्टात गेले, 2016 मध्येच. केस वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश अमित मेहता ह्यांच्यासमोर, जन्म गुजरातमधल्या पाटणचा, ज्यांनी पुढे गुगलच्या मक्तेदारीचा निकाल दिला तेच हे. जुलै 2020 मध्ये अपील कोर्टाने सिगार आणि पाइप तंबाखू दोघांवरच्या आरोग्याच्या मोठ्या इशाऱ्यांची सक्ती रद्द केली, तेवढं एक पाइपवाल्यांच्या पदरात पडलं. मग 9 ऑगस्ट 2023 ला मेहतांनी प्रीमियम सिगारपुरता 2016 चा नियमच रद्द केला. मुद्दा साधा होता: हे सिगार पोरंटोरं जवळजवळ ओढत नाहीत आणि मोठी माणसंही रोज नाही, बरेच जण महिन्यातून एक-दोन दिवस, ह्याची माहिती एफडीएपुढे होती आणि एफडीएने ती विचारातच घेतली नाही. 24 जानेवारी 2025 ला अपील कोर्टाने निकाल कायम ठेवला, फक्त प्रीमियम सिगार म्हणजे नक्की काय ह्या व्याख्येचा भाग परत खाली पाठवला.

मेहतांनी निकालात वापरलेली ती व्याख्या ऐका, कारण सगळी मेख तिथे आहे. बाहेरचं वेष्टन अखंड तंबाखूच्या पानाचं. आतलं बांधायचं पान पण शंभर टक्के तंबाखूचं. भरलेल्या तंबाखूत निम्मा तरी लांब पानांचा. हाताने वळलेला. फिल्टर नाही, तंबाखू सोडून दुसऱ्या कशाची टोकाशी नळी नाही. तंबाखूशिवाय दुसरा फ्लेवर नाही. तंबाखू, पाणी आणि वनस्पतींचा डिंक, बाकी काही नाही. आणि हजार नगांचं वजन 6 पाउंडांपेक्षा जास्त. बघा, ह्यात कुठे लेबलवर काय लिहिलंय ते विचारलेलं नाही. माल हातात घेऊन तपासता येतो.

ही व्याख्या सगळ्यांना पुरी पडते असंही नाही. फ्लोरिडात टॅम्पाच्या यबोर सिटीमध्ये जे. सी. न्यूमन कंपनीचा कारखाना आहे, 1910 ची विटांची इमारत, वर घड्याळाचा मनोरा, म्हणून नाव एल रेलोह, स्पॅनिशमध्ये घड्याळ. तिथे 1930 च्या दशकातली यंत्रं अजून चालवतात, कामगार हाताने पान लावतात आणि यंत्र वळतं. यंत्र आलं म्हणजे ते सिगार व्याख्येच्या बाहेर. मला हे पटत नाही, पण निदान रेघ कुठे आहे हे त्यांना माहिती आहे.

राज्यांमध्ये पण हाच भेद दिसतो. फ्लोरिडात सिगारवर राज्याचा कर शून्य, आणि पाइपच्या तंबाखूवर घाऊक किमतीच्या 85 टक्के. कॅलिफोर्नियाने फ्लेवरबंदी आणली तेव्हा महाग सिगार आणि सुटा पाइप तंबाखू दोन्ही वगळले, म्हणजे ठरवलं तर जमतं. मॅसॅच्युसेट्सने नाही वगळले, तिथे व्हॅनिला, चेरीवाली पाइपची ब्लेंड नेहमीच्या दुकानातून गेली.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत पाइपवाले मोजकेच, आणि बऱ्याच जणांचा माल अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून येतो. आपल्या कस्टम्सची शुल्कमाफ मर्यादा 125 ग्रॅम, म्हणजे 50 ग्रॅमचे अडीच डबे. त्यामुळे तिकडचं एखादं ब्लेंड बंद झालं की इकडच्या माणसाचंही ते बंद.

मग पाइपवाल्यांनी काय मागायचं? सूट मागण्याआधी व्याख्या मागा, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या कर खात्याने 2010 आणि 2011 मध्ये पाइपचा आणि सिगारेटचा तंबाखू वेगळा कसा ओळखायचा ह्यावर लोकांची मतं मागवली होती, पण पक्का नियम काही निघाला नाही. तो निघू शकतो. पाइपचा तंबाखू जास्त ओलसर असतो, काप जाड असतो. फ्लेक म्हणून जो प्रकार आहे तो तर दाबून वडी करून तिचे पातळ काप काढलेले असतात, बोटांनी मोडून चुरावा लागतो, मगच पाइपमध्ये भरता येतो, सिगारेटच्या नळीत तसाच्या तसा जाणारच नाही. ओलावा मोजता येतो, कापाची रुंदी मोजता येते, पाकिटाचं वजन ठरवता येतं. आणि ह्याच्या जोडीला दोन्ही तंबाखूंवरचा कर सारखा करा, पाइपवरचा वाढला तरी चालेल, म्हणजे खोट्या लेबलात कुणाचा फायदाच उरणार नाही. महिन्याला एक डबा घेणारा माणूस चार पैसे जास्त देईल, पण त्याचं ब्लेंड मिसळणारा दुकानदार टिकला पाहिजे.