विटेपासून सुरुवात

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी सरली की आपल्याकडे वीटभट्ट्यांवर आणि कापूस वेचायला छत्तीसगड, मध्य प्रदेशातून माणसं येतात. त्यांच्यासाठी संध्याकाळचा साक्षरता वर्ग चालवणाऱ्यांशी आज बोलायचं आहे.

शिकवायचं कशासाठी, हे आधी ठरवा. नुसत्या सहीसाठी असेल तर सांभाळून. अंगठा घेताना कागद निदान वाचून तरी दाखवतात. सही करणाऱ्याला ‘वाचलं असेलच’ म्हणून तेवढंही कुणी सांगत नाही.

१९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे पुढे गेले: कामातलाच शब्द घ्यायचा आणि त्या कामाविषयी प्रश्नही विचारायचे. १९६३ साली अंजिकोस गावात सुमारे ३०० जणांना ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग त्यांनी केला. त्यांच्या शब्दांत एक होता ‘तिजोलो’, म्हणजे वीट.

आपणही विटेपासूनच निघू. पहिल्या दोन संध्याकाळी फळा नको, नुसतं ऐका. उचल (आगाऊ घेतलेले पैसे), हजारी (हजार विटांमागचा दर), पगार असे पंधरा-सोळा शब्द टिपा. मग ‘वीट’ लिहा. खाली एका ओळीत व, वा, वि, वी. दुसरीत ट, टा, टि, टी. अक्षरं त्यांनाच जुळवू द्या. वाट, वाटी आणि वाटा निघतात. ‘वाटा’ निघाला की बोलणं आपोआप हिशेबावर येतं. समजा, जोडप्यानं सहा दिवस रोज ८०० विटा थापल्या. एकूण ४,८००. हजारी दरानं किती झाले, उचल किती कापली, हातात काय आलं? हे वहीत मांडून घ्या.

घोटाळा होतो तो मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे. ‘मिळाले’मधला ळ हिंदीत नाही, तो वेगळा घोटवावा लागतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एकच, उच्चार दोन. आणि ‘शिक्षा होईल’ अशी पाटी वाचून पाहुणा शिक्षण मिळणार असंही समजू शकतो! मेळघाटातल्या कोरकू मजुरांचं वेगळं. त्यांची भाषा मुंडा कुळातली. तिथे त्यांच्यातलाच एखादा शिकलेला पोरगा जवळ बसवा.

दिवसभर चिखल तुडवलेला माणूस रात्री पाऊण तासाच्या वर टिकत नाही. म्हणजे ४० तासांना पन्नास-पंचावन्न संध्याकाळी लागतील. डिसेंबरात सुरू केलं तर पावसाआधी जमेल. वही मात्र त्याच्याजवळच राहू द्या. वर्गाच्या कपाटात ठेवली, तर जूनमध्ये तो गावी जातो आणि हिशेब इथेच राहतो.