पिठ्या ढेकणाचा वैरी

मंडळी, गांधीलमाशी दिसली की आपला हात आधी चपलेकडे जातो. आज ज्या परोपजीवी माश्यांबद्दल बोलायचं आहे त्या तिच्याच कुळातल्या, पण कित्येक तर मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्या तुमच्या वाटेला जात नाहीत. नजरेला पडल्या तरी पुष्कळ. मादी दुसऱ्या किडीच्या अंगात अंडं घालते. त्यातली अळी त्या किडीला आतून खात वाढते आणि शेवटी माशी होऊन भोक पाडून बाहेर येते. किळसवाणं आहे, कबूल. पण आपल्या पपईच्या बागा यांनीच सावरल्या.

2008 मध्ये कोइमतूरला पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारा मिलीबग, आढळला. मूळचा मेक्सिकोकडचा. पपई, तुती, जास्वंद, वांगी, काही म्हणता काही सोडेना. पुढे महाराष्ट्रातही आला. लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. पण याच्या अंगावर मेणाची पांढरी पिठी असते, औषध तिच्यावरून ओघळतं. खरी गोम निराळीच होती. कीड इथे आली, तिचा वैरी मात्र तिकडेच राहिला. म्हणून 2010 मध्ये बंगळूरच्या कृषी-कीटक संशोधन संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणवल्या, वाढवल्या आणि सोडल्या. त्यातल्या ‘असेरोफॅगस पपाये’ने बाजी मारली. एकदा रुळल्यावर ती आपली आपण पसरत गेली, दर हंगामाला विकत घ्यावी लागली नाही. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता आपल्या कुंड्यांकडे येऊ. मावा पडला की लगेच पंप उचलू नका, आधी पान उलटं करून बघा. हिरव्या माव्यात काही किडे फुगलेले, बदामी, कागदासारखे कोरडे दिसले तर त्यांच्या आत माशी तयार होते आहे. गोल भोक दिसलं तर ती उडूनही गेली. अशा वेळी जहाल औषध मारलंत तर आधी मरेल ती माशी, आणि मावा पुन्हा वाढेल. तसं पान तोडून फेकूही नका.

ट्रायकोकार्ड आणावं का, असं पुष्कळजण विचारतात. त्या कार्डावर तांदळाच्या पतंगाची साधारण 20,000 अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा, म्हणजे असाच एक बारीक परोपजीवी कीटक, वाढत असतो. उसाला, कपाशीला ते ठीक. चार कुंड्यांसाठी कशाला? शिवाय तो पतंगांची, फुलपाखरांची अंडी मारतो. माव्याला, पिठ्या ढेकणाला त्याचा काही उपयोग नाही.

त्यापेक्षा मुंग्यांकडे लक्ष द्या. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या पहारा देतात आणि माशीला जवळ फिरकू देत नाहीत. मुंग्यांची वाट अडवली की निम्मं काम झालं. आणि शेपू, कोथिंबिरीची दोन-चार रोपं फुलावर जाऊ द्या. या माश्यांचं तोंड आखूड, अशा उघड्या बारीक फुलांतलाच मध त्यांना जमतो. भाजीला शेपू कमी पडला तर मंडईतून आणा.