ताऱ्याच्या जागेवरून मांडवात

श्रोतेहो, नमस्कार. ज्यू लग्नात नवरदेव टाचेखाली काचेचा पेला फोडतो आणि सगळा मांडव ओरडतो, "माझल तोव!" आपण ऐकतो आणि समजतो, शुभेच्छा देतायत. तसं नाही. परीक्षेला निघालेल्या पोराला कुणी माझल तोव म्हणत नाही; त्याच्यासाठी हिब्रूत 'बेहात्स्लाखा' आहे, म्हणजे यश मिळो. माझल तोव म्हणायचं ते पेढे वाटायची वेळ आल्यावर.

तोव म्हणजे चांगला. माझलचं मूळ हिब्रू रूप मझाल, म्हणजे आज नशीब, पण मुळात तारा, रास. अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेत 'मंझल्तू' म्हणजे ताऱ्याची उभं राहायची जागा. तिथून तो शब्द हिब्रूत आला, असं अभ्यासक मानतात. म्हणजे माझल तोव म्हणजे "ग्रह चांगले होते हो!" मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बायबलमध्ये मात्र हा शब्द येतो तो बदनाम होऊनच. योशीया राजा सूर्याला, चंद्राला आणि 'मझालोत'ना, म्हणजे राशींना, धूप जाळणाऱ्या पुजाऱ्यांना हाकलून देतो. पुढे ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, हनिना म्हणतात, शहाणपण आणि पैसा मझालवर ठरतो. रब्बी योहानान म्हणतात, इस्रायलवर मझालची सत्ताच नाही. इकडे हा वाद, आणि तिकडे इस्रायलमधल्या बेत आल्फाच्या सहाव्या शतकातल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, फरशीवर बाराही राशी ऐटीत बसलेल्या!

यिद्दिशने, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जर्मन वळणाच्या भाषेने, या शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर आणला: मझालचा माझल झाला. त्याला जर्मन वळणाचा 'श्लिम', म्हणजे वाईट, जोडला आणि 'श्लिमाझल' घडवला: करंटा, ज्याचं काहीच धड होत नाही तो. त्याचा जोडीदार 'श्लेमील', म्हणजे वेंधळा. दोघांतला फरक यिद्दिश बोलणारे असा सांगतात: सूप सांडतो तो श्लेमील, ज्याच्या अंगावर सांडतं तो श्लिमाझल.

आता एक मोह. अरबीत 'मंझिल' म्हणजे उतरायचा मुक्काम. चंद्राचे असे 28 मुक्काम अरब मोजत, आपल्या 27 नक्षत्रांसारखे. याच मंझिलवरून मराठीत 'मजल दरमजल' आलं. मझाल आणि मजल, कानाला अगदी सख्खी भावंडं! पण अक्कादी शब्दाचा धातू 'उभं राहणं' आणि अरबीचा 'उतरणं'. स्थळ छान आहे हो, पत्रिका जुळत नाही.