ग्रीनव्हिलचा सप्टेंबर, नऊ उंदीर आणि आमच्या सासूबाई

नमस्कार मंडळी! चहा झाला का? नसेल झाला तर आधी ठेवा, मी बोलतेच आहे, कानावर पडू दे.

आज जायचंय ग्रीनव्हिलला. साउथ कॅरोलिनातलं ग्रीनव्हिल. अटलांटाहून शार्लटला जाताना ८५ हायवेवर गॅस, म्हंजे पेट्रोल, भरायला थांबता ना तुम्ही, तेच. थांबता आणि निघता! शहराच्या हद्दीत माणसं जेमतेम सत्तर हजार, म्हंजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण जीईचे गॅस टर्बाइन इथे, मिशेलिन टायरवाले इथे, शेजारी ग्रीअरला बीएमडब्ल्यूचा कारखाना, त्यामुळे आपली इंजिनिअर मंडळी बरीच आली आणि आली ती रमली. मीही त्यातलीच, म्हंजे इंजिनिअर नाही, इंजिनिअरच्या मागून आलेली.

तर सप्टेंबर लागला की फोन सुरू होतात, अगं कधी येऊ, पानं लाल झाली का? नाही झाली हो. आधी हे डोक्यातून काढा, कॅलेंडरवर फॉल, म्हंजे पानगळीचा मोसम, आला म्हणून साउथमध्ये थंडी पडत नाही. सप्टेंबरात दुपारी ८५ डिग्री फॅरेनहाइट अगदी आरामात, कधी कधी ९० पण, आणि शहरात पानांना रंग चढायला ऑक्टोबर संपत येतो. तरी इथली माणसं सप्टेंबरपासूनच घराबाहेर पडतात कारण जुलै-ऑगस्ट एसीत बसून कंटाळलेली असतात बिचारी. म्हणून सांगते, सकाळी जा. सकाळी आठला जा. टोपी, पाणी आणि सकाळी आठ, एवढं लक्षात ठेवा. (आणि ती भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी घेऊन फोटो काढणं जरा कमी करा, नव्वद डिग्रीत स्वेटर घालून फोटो? आणि त्यात भोपळा नसतोच म्हणे फारसा, दालचिनी-जायफळच असतं, जायफळ तर आपण श्रीखंडात, पुरणात आयुष्यभर खात आलोय, त्याचं काय एवढं कौतुक.)

शनिवारी सकाळी मेन स्ट्रीटवर बाजार भरतो, मे ते ऑक्टोबर. रस्ता गाड्यांना बंद. भेंडी असते, टोमॅटो असतात आणि सप्टेंबरात मस्कडाइन द्राक्षं येतात, ती चुकवू नका. जाड सालीची, बोराएवढी. देठाची बाजू तोंडात धरून दाबायचं, गर आत जातो, साल हातात राहते. नाशिकच्या द्राक्षासारखी पटापट खायला गेलात तर सालीनं तोंड आंबट होईल आणि मला शिव्या घालाल.

आणि उकडलेल्या शेंगा! मंडळी, या राज्याचा अधिकृत स्नॅक आहे तो, २००६ साली कायदा करून ठरवलाय. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन्‌तास उकडायच्या आणि पाण्यासकट पिशवीत द्यायच्या. नॉर्थमधून आलेली अमेरिकन माणसं तोंड वाकडं करतात, आपण मात्र पहिल्याच शेंगेला घरी पोचतो. फक्त टिश्यू जास्त घ्या, पाणी कोपरापर्यंत येतं.

बाजारातून तसंच खाली चालत गेलात की रीडी नदी आणि धबधबा, अगदी भर गावात. हे गाव पूर्वी कापडगिरण्यांचं. गिरणीत ज्या रंगाचं कापड त्या दिवशी, तो रंग नदीला, असं जुनी माणसं सांगतात. इचलकरंजी-सोलापूरवाल्यांना मी वेगळं काय सांगू. धबधब्यावरून १९६० साली मोटारींचा पूल टाकला आणि खाली धबधबा आहे हे गावच विसरलं. २००२ मध्ये तो चांगला धडधाकट पूल पाडला, भांडणं झाली असणारच, आणि २००४ मध्ये पायी चालायचा नवा पूल केला. ३५५ फूट लांब, वाकडा, आणि त्याला केबल एकाच बाजूनं. दुसऱ्या बाजूनं धबधबा मोकळा दिसावा म्हणून. मी पहिल्यांदा चढले तेव्हा कठडा सोडला नाही. आपल्याकडं नदीकाठी सुशोभीकरण म्हणजे आधी सिमेंट ओतायचं, इथे सिमेंट काढून सुशोभीकरण केलं. बरं, असो, विषय निघाला की माझं हे असं होतं.

आता उंदीर. हे सांगायलाच मी आज बसलेय खरं तर.

मेन स्ट्रीटवर ब्रॉन्झचे नऊ उंदीर लपवून ठेवलेत. नऊ. इथल्या एका हायस्कूलच्या मुलानं शाळेचा प्रोजेक्ट म्हणून कल्पना काढली, लहान मुलांच्या एका पुस्तकात चित्रांमध्ये उंदीर लपलेला असतो त्यावरून, आणि २००० साली ते बसवले. क्लूचा कागद मिळतो, फुकट काम, मुलं दोन तास गुंततात.

तर झालं काय, सासूबाई आल्या होत्या आमच्याकडे. सासूबाई बार्शीच्या. सासऱ्यांचं तिथं भुसारचं दुकान, मागं गोडाऊन, तुरीची पोती, ज्वारीची पोती, म्हंजे उंदीर या विषयात बाईंचा आयुष्याचा अनुभव. दिवस गणपतीचे, घरी गणपती बसलेले. शनिवारी सकाळी आम्ही निघालो, सासूबाई सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट शूज, हातात पर्स. मुलं क्लू वाचतायत, मी अर्थ सांगतेय, आमचे अहो फोनवर मॅप धरून उत्तर कुठं आणि दक्षिण कुठं ते बघतायत. पंधरा मिनिटं झाली, उंदीर काही नाही.

सासूबाई म्हणाल्या, "त्या कागदात काय बघताय? उंदीर कधी रस्त्याच्या मधनं जातो का? तो भिंत धरून जातो."

पदर खोचला आणि निघाल्या. मान खाली, भिंतीच्या कडेकडेनं, प्रत्येक कोपऱ्याशी थांबून मागं बघायचं, खाली बघायचं, पायरी बघायची. आणि मंडळी, पहिला सापडला! कुठे ते मी सांगणार नाही, तुमची मजा जाईल. मुठीत मावेल एवढासा, अंगानं काळपट, पण पाठ आणि कान मुलांचे हात लागून लागून पिवळेधमक. दुसरा सापडला. तिसरा. चौथ्याला तर त्या लांबूनच म्हणाल्या, "त्या तिथं असणार बघ, तिथनं पळायला वाट आहे." आणि होता!

तोवर आमच्या मागं एक अमेरिकन बाई लागली. दोन मुलगे हाताशी आणि तिसरं बाळ स्ट्रोलरमध्ये. त्यांना अर्ध्या तासात एकच मिळाला होता. ती मला हळूच विचारते, मॅम, यांना कसं कळतं? मी म्हटलं, फॅमिली बिझनेस. ती हो हो म्हणून मान हलवत राहिली, काय समजली देव जाणे. पण इथली पद्धत बघा, सासूबाईंना दर वाक्याला येस मॅम, नो मॅम, थँक्यू मॅम. सासूबाईंना इंग्लिशमधलं तेवढं मॅम कळायचं आणि त्या खूश. हे साउथचं मला फार आवडतं, आमची मुलं घरी मला हे म्हणत नाहीत ती गोष्ट वेगळी.

अशी ती वरात निघाली. पुढं सासूबाई, मागं आमची दोन, तिची दोन, मग स्ट्रोलर, सगळ्यात शेवटी आमचे अहो, मॅप अजून चालूच. आठ उंदीर झाले. नववा काही सापडेना. रस्त्याच्या या बाजूनं गेलो, त्या बाजूनं आलो. ऊन चढलं. सासूबाई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "एक राहतोच. गोडाऊनला पण एक कायम राहायचाच."

तेवढ्यात स्ट्रोलरमधलं बाळ हात लांब करून काहीतरी ओरडायला लागलं. बघतो तर काय, त्याच्या बरोब्बर नजरेच्या उंचीवर, समोरच नववा! आम्ही सगळे पाच-साडेपाच फुटांवरून शोधत होतो. केवढा तो जल्लोष झाला, बाळाला वाटलं आपण काहीतरी चुकीचं केलं, ते रडायलाच लागलं.

आता सासूबाई उठल्या. पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, तिच्यात सकाळचा प्रसाद, गूळ-खोबरं. चिमूटभर त्या उंदराच्या पुढ्यात ठेवलं आणि हात जोडले. गणपतीचं वाहन, दारात भेटलंय, रिकाम्या हातानं कसं सोडणार. आमच्या मुलांनी हात जोडले, त्यांचं बघून त्या दोन मुलांनी जोडले, त्यांची आई पण डोळे मिटून उभी राहिली. मी अर्थ सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून एक दांडगा सोनेरी कुत्रा आला, एक जीभ फिरवली, प्रसाद गायब.

कुत्र्याचे मालक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी. लाजेनं लालबुंद. सॉरी मॅम, सो सॉरी मॅम. सासूबाई एकदम शांत. म्हणाल्या, "असू दे, असू दे. कुत्रं खंडोबाचं असतंय."

मला म्हणाल्या, सांग त्यांना. आता खंडोबा इंग्लिशमध्ये कसा सांगायचा, जेजुरीपासून सुरुवात करायची का? मी घाईघाईत म्हटलं, माझ्या सासूबाई म्हणतायत की काही हरकत नाही, हा कुत्रा आमच्या देवाचा आहे. त्या गृहस्थांनी पट्टा गच्च आवळला आणि म्हणाले, "नो मॅम. माझा आहे. कागद आहेत माझ्याकडे."

अजून बार्शीला फोन लावला की सासूबाई आधी विचारतात, त्या कागदवाल्याचं कुत्रं बरंय का.

अरे देवा, वेळ संपत आली की, आणि अजून निम्मं राहिलंय. भराभर सांगते.

सप्टेंबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत सीझर्स हेडला जा, गावापासून तासाभरावर, २७६ रस्त्यानं, ३२०० फूट उंचीवर कडा आहे. तिथून रुंद पंखांचे ससाणे दक्षिणेला जाताना दिसतात, पार दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात ते. गरम हवेच्या झोतावर गोल गोल फिरत वर चढतात आणि मग पंख न हलवता पुढं घसरतात, चांगला दिवस असला तर शेकड्यांनी. पक्षी मोजणारे लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात, त्यांना विचारा, दुर्बीण देतात बघायला. इथे मात्र सकाळी आठचा नियम नाही, ऊन तापल्याशिवाय ससाणे उठत नाहीत. उन्हात जा, टोपी-पाणी तेच.

सफरचंदं तोडायची असतील तर डोंगर चढून नॉर्थ कॅरोलिनात हेंडरसनव्हिल, पाऊण-एक तास. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीला हेलीन वादळानं त्या सगळ्या भागाची फार दैना केली, आमच्याकडेही झाडं पडली, कितीतरी दिवस लाइट नव्हते. म्हणून फोन करून, रस्ता बघून जा, आणि गेलात की नुसते फोटो काढून येऊ नका, पोतंभर विकत घ्या.

ऑक्टोबरात मेन स्ट्रीटवर तीन दिवस फॉल फॉर ग्रीनव्हिल. आत जायला पैसे नाहीत, खायला कुपनं. गावातली हॉटेलं स्टॉल लावतात, गाणी असतात. आपल्या लोकांना विनंती, व्हॉट्सॲपवर कोण-कोण-येणार चा पोल टाकून चार दिवस वाट बघू नका. चाळीस जणांना एका टेबलावर जेवायचंच असतं, आणि कुणीतरी गाडीपाशीच गप्पा मारत उभं असतं. ज्याला यायचं तो येतो, भेटतो.

आणि हे शेवटचं, लिहून घ्या. क्लेमसन युनिव्हर्सिटीची त्यांच्या घरच्या मैदानावर फुटबॉल मॅच शनिवारी असेल तर ८५ वरून पश्चिमेकडून गावात यायचं धाडस करू नका. ऐंशी हजारांवर माणसं त्या स्टेडियममध्ये बसतात आणि सगळी त्याच रस्त्यानं. मॅच संध्याकाळची असली तरी गर्दी दुपारपासून. अटलांटावाले, तुम्हालाच म्हणतेय. वेळापत्रक नेटवर असतं, आधी बघा आणि शुक्रवारी रात्रीच येऊन राहा.