दुखतंय गुडघ्यात, बिघडलंय कुठे?

(तपासणीच्या खोलीचं दार. कॅमेरा जमिनीलगत. आत येणारी पावलं.)

तेरा वर्षांचा मुलगा. अंगाने जरा भरलेला. महिना झाला, उजवा गुडघा दुखतोय. सोबत आई, आणि आईच्या हातात मोठं पाकीट. पाकिटात गुडघ्याचे दोन एक्स-रे आहेत, दोन्ही नॉर्मल. वाढत्या वयात असं दुखतंच, हेही तिला सांगून झालंय.

डॉक्टर पाकीट घेतात, टेबलावर ठेवतात आणि मुलाला म्हणतात, "जरा दारापर्यंत जाऊन ये बघू."

मुलगा जातो, येतो. किंचित लंगडतो. पण लंगडण्याहून महत्त्वाचं आहे ते त्याचं उजवं पाऊल. ते समोर पडत नाही, बाहेरच्या अंगाला वळून पडतं.

असा मुलगा हाडांच्या कुठल्याही ओपीडीत कधी ना कधी येतोच. त्याचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे. पण पाकीट बाजूला ठेवून डॉक्टर आधी पावलांकडे का बघत बसले, ते पाहू.

(रिकामी खुर्ची. मागून वेगवेगळे आवाज : "ठणकतो हो रात्रभर." "मध्येच चमक मारते." "सकाळी आखडलेला असतो." "पाय निसटल्यासारखा वाटतो.")

गुडघा दुखतोय, हे वाक्य सगळ्यांचं एकच असतं. निदान लपलेलं असतं त्याच्या पुढच्या शब्दांत.

सकाळी गुडघा आखडतो, असं दोघं सांगतात. एकाचा पाच-दहा मिनिटं चाललं की मोकळा होतो. दुसऱ्याला तास लागतो, आणि त्याच्या हाताची बोटंही सकाळी वळत नाहीत. पहिल्याचं बहुधा झिजेचं दुखणं, दुसऱ्याला सांध्याच्या अस्तराला सूज आणणारा संधिवात असू शकतो. दोघांची औषधं वेगळी, पुढची वाट वेगळी. फरक कळला तो एका साध्या प्रश्नावरून : मोकळं व्हायला किती वेळ लागतो?

जिना चढताना त्रास की उतरताना? उतरताना जास्त होत असेल तर गुडघ्याच्या वाटीकडे लक्ष जातं. आणि काहीही न करता, पडल्या पडल्या, झोपेतून उठवणारा ठणका असेल, तर डॉक्टर जरा सावरून बसतात. हाडातला जंतुसंसर्ग आणि गाठ, या दोन गोष्टी नाहीत याची खात्री करून घेतल्याशिवाय असा ठणका सोडून देता येत नाही.

खेळाडूंची हकिगत तर ऐकण्यासारखी असते. "पाय रोवलेला होता, अंग वळलं, आतून टक् असा आवाज आला आणि तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला." इतक्या लवकर फुगणारा गुडघा म्हणजे आत रक्त साचलंय, आणि या वर्णनाबरोबर साचलं असेल तर सांध्याच्या मधोमध असलेलं पुढचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते तुटल्याची शंका सर्वांत आधी येते. तोच गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळी हळूहळू सुजला असता, तर संशय आतल्या गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर गेला असता. अजून कुणी गुडघ्याला बोटही लावलेलं नाही, हे लक्षात घ्या.

"अडकतो" हा शब्द मात्र फसवा. दुखेल या भीतीने माणूस गुडघा हलवत नाही, तेही अडकणं. आणि गादीचा फाटलेला तुकडा मध्ये आल्यामुळे गुडघा खरोखरच सरळ होत नाही, तेही अडकणंच. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, म्हणून डॉक्टर पुन्हा विचारतात, "अडकतो म्हणजे नेमकं काय होतं, करून दाखवा."

(दोन्ही गुडघे उघडे. शेजारी शेजारी.)

बघा, चाचपा, हलवा. ब्रिटिश सर्जन ॲलन ॲपली यांनी ही त्रिसूत्री विद्यार्थ्यांच्या अशी अंगवळणी पाडली, की आजही हाडांची तपासणी याच क्रमाने शिकवतात. क्रम मोडला की फसगत होते. हात आधी लागला की डोळे बघायचं विसरतात.

बघायचं तर दोन्ही पाय उघडे हवेत. कपडा वर सारून एकच गुडघा पुढे करणाऱ्या रुग्णाला दुसराही उघडा करायला सांगतात, कारण रुग्णाचा चांगला पाय हेच सर्वांत भरवशाचं माप. मांडीचा स्नायू एका बाजूला वाळलाय का? वाटीपासून वर सारख्याच अंतरावर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर घ्यायचा. फरक निघाला तर पाय बरेच दिवस जपून वापरला जातोय, हे रुग्णाने न सांगता कळतं.

मग हात. आधी पालथा हात, ताप बघतात तसा. निरोगी गुडघा वरच्या मांडीपेक्षा आणि खालच्या नडगीपेक्षा थोडा गार लागतो. तो सारखा किंवा जास्त गरम लागला, तर आत काहीतरी पेटलंय. मग एक बोट. पंजा नाही, एकच बोट, आणि नजर गुडघ्यावर न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्यावर. सांध्याच्या फटीवर दुखतंय की हाडावर, वाटीच्या खालच्या टोकाला की आतल्या बाजूला दोन बोटं खाली? बोटभर जागा बदलली की आजाराचं नाव बदलतं.

हलवताना आधी रुग्णाने स्वतः हलवायचं, मग डॉक्टरांनी. रुग्णाला पाय पूर्ण सरळ करता येत नाही, पण डॉक्टरांनी केला तर सहज होतो. म्हणजे सांधा ठीक आहे, बिघाड स्नायूत, त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत किंवा नसेत. दोघांनाही होत नाही. म्हणजे सांध्यातच अडथळा. एवढ्यावरून शोध अर्ध्यावर येतो.

एसीएलसाठी पूर्वी गुडघा काटकोनात वाकवून नडगी पुढे ओढून बघत. ताज्या दुखापतीत सुजलेला गुडघा तेवढा वाकतच नाही, आणि मांडीमागचे स्नायू नडगी धरून ठेवतात. मग गुडघा जेमतेम वीस-तीस अंशांत ठेवून तीच ओढ द्यायची पद्धत आली. लॅकमन चाचणी म्हणून तिचं वर्णन १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि आजही एसीएल तपासताना सर्वांत आधी तीच करतात. नडगी किती सरकली, याहून शेवटी ती कशी थांबली हे हाताला जास्त कळतं : दोरी ताणल्यासारखी खट्कन, की चिखलात रुतल्यासारखी.

(एका पायावर उभा असलेला माणूस, पाठमोरा.)

१८९५ साली जर्मनीत दोन गोष्टी घडल्या. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग या सर्जनने रुग्णांना एका पायावर उभं करून पाठीमागून पाहिलं. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा त्या बाजूच्या खुब्याचे स्नायू कंबर समतोल धरतात. ते कमजोर असले, किंवा खुबाच जागेवर नसला, तर उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकते. एवढीच चाचणी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं, अंगठीसकट. १९०१ चं पहिलं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. दुसरी गोष्ट जगभर गाजली, आणि गाजायलाच हवी होती. पहिलीला मात्र आजही वीज लागत नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. भिंतीवर हाताच्या सावलीत बोट पुढे वाकलंय की मागे, कळत नाही, तसंच हाडाचं. म्हणून समोरून आणि बाजूने असे किमान दोन काढतात, आणि हाड मोडल्याचा संशय असेल तर वरचा व खालचा सांधाही त्यात घेतात. सावलीला उशीरही होतो. हाडात जंतू शिरले तरी साध्या एक्स-रेवर ते दिसायला दहा-चौदा दिवस लागू शकतात. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं, तर पहिल्या दिवशीचा एक्स-रे चक्क निर्दोष येऊ शकतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात बोट दाबल्यावर रुग्ण कळवळत असेल, तर जाणता डॉक्टर एक्स-रेपेक्षा त्या खळग्यावर विश्वास ठेवतो, हात आधार देऊन बांधतो आणि पुन्हा तपासतो किंवा एमआरआय करून घेतो.

"गुडघ्यात गॅप पडलीय" असं लोक म्हणतात. खरं तर उलट आहे. एक्स-रेवर दोन हाडांमध्ये दिसणारी मोकळी जागा ही रिकामी नसतेच. तिथे कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण असतं, फक्त तिची सावली पडत नाही. कूर्चा झिजली की ती जागा कमी होते. गॅप असणं हे गुडघ्याचं आरोग्य, बुजणं हा आजार. आणि ती किती बुजली हे बघायचं तर उभं राहून, पायावर भार देऊन एक्स-रे काढावा लागतो. झोपवून काढलेल्यात झिजलेला गुडघाही बऱ्यापैकी दिसतो.

एमआरआय तर फारच बोलका, कधी कधी गरजेपेक्षा जास्त. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांत दोन मणक्यांमधली किमान एक गादी फुगलेली दिसली. सगळ्या गाद्या नॉर्मल असलेले निघाले फक्त ३६ टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये फुगलेली गादी आहे म्हणून कंबर दुखतेय, असं थेट म्हणता येत नाही. पाय सरळ उचलल्यावर कळ गुडघ्याखाली जाते का, पायाच्या अंगठ्यात जोर आहे का, बधिरपणा नेमका कुठल्या पट्ट्यात आहे, हे सगळं त्या फुगलेल्या गादीशी जुळलं, तरच तिच्यावर बोट ठेवायचं.

(सुई. काचेच्या नळीत पिवळसर द्रव.)

एका बाबतीत मात्र थांबून विचार करायला सवड नसते. अचानक सुजलेला, लाल, गरम, हातही लावू न देणारा एकच गुडघा, सोबत ताप. इथे सांध्यातलं पाणी सुईने काढून बघावं लागतं, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. निरोगी सांध्यातलं पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं, बोटांत धरलं तर तार निघणारं. गढूळ, पातळ पाणी आणि एका घन मिलिमीटरमध्ये ५०,००० च्या वर पांढऱ्या पेशी, असं असेल तर पू धरल्याचा दाट संशय. आकडा कमी आला म्हणून संशय सोडायचा नाही. याच पाण्यात सुईसारखे स्फटिक दिसले तर ते युरिक ॲसिडचे, म्हणजे गाऊट. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखण्याची रीत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवली. दोन्ही गुडघे वरून अगदी सारखे दिसतात. पण पू तसाच राहिला तर काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही.

(पुन्हा तीच खोली. मुलगा टेबलावर उताणा.)

आता आपला मुलगा. गुडघा तपासून झाला. सूज नाही, पाणी नाही, बोटाने कुठेही दुखत नाही. मग डॉक्टर त्याचा गुडघा धरून मांडी पोटाकडे वाकवतात. मांडी सरळ वर येत नाही, आपोआप बाहेर वळते. खुबा आतल्या बाजूला फिरवायला गेलं की मुलगा टेबलाची कड घट्ट धरतो.

आई विचारते, "पण दुखतंय गुडघ्यात ना?"

खुब्याला आणि गुडघ्याला एकाच नसेच्या फांद्या जातात. खुब्यातली कळ मेंदूला गुडघ्यातली वाटू शकते. मुलांच्या बाबतीत तर शिकवणच आहे : गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबा बघितल्याशिवाय त्याला घरी सोडू नये.

दोन्ही खुब्यांचा एक्स-रे होतो, समोरून आणि बाजूने. समोरच्यात शंका येते, बाजूच्यात स्पष्ट दिसतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या थरावरून, म्हणजे मुलांचं हाड जिथून वाढतं त्या थरावरून, मागे सरकलाय, खुंटीवर तिरकी झालेली टोपी असावी तसा. हा आजार वाढीच्या जोमाच्या वयात येतो, वजन जास्त असलेल्या मुलांत अधिक. दुसरी बाजूही सरकू शकते, म्हणून डावा खुबाही तितक्याच बारकाईने पाहिला जातो. तो अजून जागेवर आहे.

आता डॉक्टर पाकीट उघडतात आणि जुने दोन्ही एक्स-रे उजेडासमोर धरतात. त्यांत काही चुकलेलं नाही. गुडघे खरंच निर्दोष आहेत.

स्क्रू घालून गोळा आहे तिथेच पक्का करायचा, तोही लवकर. तोपर्यंत पाऊल टेकवायचं नाही. एखादी ठेच लागून तो अचानक आणखी सरकला, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका वाढतो. मावशी व्हीलचेअर घेऊन येतात.

"मी तर चालत आलोय," मुलगा म्हणतो.

"आलास ते आलास," डॉक्टर म्हणतात, "आता बस."