दहा सेकंदांचं स्वगत

मित्रहो, रसग्रहणाचा प्रश्न आपण सगळ्यांनीच शाळेत सोडवलाय. उपमा दिसली की रेघ मारायची, ‘येथे उपमा अलंकार साधला आहे’ असं लिहायचं आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. त्यात गैर काही नाही. पण नाव लिहून झालं की आपण पेन खाली ठेवतो, आणि मौज तर पुढेच असते. लेखकाने ही क्लृप्ती योजून मला, वाचणाऱ्याला, नेमकं कुठे आणून बसवलं? आज एवढंच बघू या.

कविता आधी घेऊ. मर्ढेकरांच्या ‘कांही कविता’ या १९४७च्या संग्रहातली ही सुरुवात तुम्हाला पाठ असेल: ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण.’ मोठ्याने म्हणा. सोळा मात्रा, आठावर हलकासा थांबा, पुन्हा आठ. या वृत्ताचं नाव पादाकुलक. या ठेक्यावर पाळणा हलवता येईल, इतका तो गोड चालतो, आणि त्यावर झुलतायत मेलेले उंदीर. आपण किळस येऊन मागे सरकायच्या आत लयीने आपल्याला सोबत घेतलेलं असतं. आता शब्दांची जागा बघा. ओलं आहे ते पीप. पण ‘ओल्या’ हे विशेषण पिपापासून तुटून उंदरांच्या अंगाला जाऊन चिकटतं. बोलताना आपण ‘ओल्या पिपात उंदीर मेले’ असं म्हणू, आणि ती नुसती बातमी होईल.

आता नाटक. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारेबाई सुलभाताई देशपांडे यांनी उभी केली. एका गावात हौशी मंडळी प्रयोगाला येतात आणि वेळ काढायला खोटा खटला चालवतात. आरोपी कुमारी लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. याला नाटकातलं नाटक म्हणतात, हे परीक्षेपुरतं झालं. पण इथे प्रेक्षक कोण होतो? सुरुवातीला आपण या खेळात मनापासून सामील असतो. सुखात्म्यांच्या वकिलीला हसतो, न्यायाधीश काशीकर कान कोरत बसतात त्याला हसतो. खटला बाईंच्या खऱ्या आयुष्यावर घसरतो तेव्हा आपलं हसू अजून ओठांवरच असतं. कोर्टात बघ्यांची जी बाकं असतात, त्यांवर आपण केव्हा जाऊन बसलो ते आपल्याला कळतही नाही.

तेंडुलकरांची कारागिरी बारीक आहे. पडदा उघडल्यावर थोड्याच वेळात दाराच्या कडीत बाईंचं बोट सापडतं. सामंत हा गावचा साधा माणूस. कडी नीट सरकवली नाही आणि दार ओढलं तर आत अडकायला होतं, असं तो सहज सांगून जातो. आपण ते विसरतो. पुढे बाई खरोखरच निघून जायला दाराशी येतात, आणि दार बाहेरून बंद! याच सामंताला साक्षीदार करतात. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नसतं, म्हणून हातातल्या कादंबरीतलं तो साक्ष म्हणून सांगतो, आणि ती बनावट साक्ष सत्याच्या वर्मी लागते. सगळ्यात जबरदस्त योजना मात्र प्राध्यापक दामल्यांची, म्हणजे बाईंच्या पोटातल्या मुलाच्या बापाची. ज्याला जाब विचारायचा तो माणूस नाटकभर रंगमंचावर येतच नाही. त्याची जागा मोकळी ठेवून कोर्ट चालू राहतं आणि कुणाचं काही अडत नाही. गैरहजेरीतून एवढं बोलणारं पात्र मराठीत मला तरी दुसरं आठवत नाही.

आणि मग तो शेवट. निकालाआधी काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात, घड्याळ पुढे धरून. प्रकाश बदलतो, सगळं कोर्ट जिथल्या तिथे थिजतं आणि बाई उठून बोलू लागतात. ते स्वगत कितीतरी मिनिटं चालतं. सगळं सांगून झाल्यावर काशीकर घड्याळ बघून म्हणतात की वेळ संपली, आरोपीला काही सांगायचं नाही. म्हणजे कोर्टाच्या हिशेबी बाई एक शब्दही बोललेल्या नाहीत! आपण मात्र सगळं ऐकलंय. नुसतं स्वगत असतं तर आपण हळहळून घरी गेलो असतो. त्या दहा सेकंदांमुळे आपण एकमेव साक्षीदार होतो आणि साक्ष द्यायची सोय कुठेच नसते.

घरी पुस्तक वाचताना हे अर्धंच कळतं. पानावर ‘थिजतात’ हा एक शब्द असतो. तालमीत त्या एका शब्दासाठी अख्ख्या नटसंचाला तितकी मिनिटं पापणीही न हलवता उभं राहावं लागतं, आणि त्यातला एक जण जरी खोकला, तरी काशीकरांच्या घड्याळावर प्रेक्षकांचा विश्वास उरत नाही.