मेंदूतून निघणारा निरोप

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या तक्रारीबद्दल बोलणार आहे, ती दवाखान्यात नेहमी शेवटच्या मिनिटाला निघते. साखरेचा रिपोर्ट दाखवून झालेला असतो, मंडळी औषधं घ्यायला बाहेर गेलेल्या असतात, आणि मग पिशवीचे बंद चाळवत गृहस्थ हळूच म्हणतात, "डॉक्टर, ते... पूर्वीसारखं होत नाही."

लिंगाला ताठरता न येणं हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १९९८ साली अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली. ही गोळी लिंगातल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत करते. पण त्याआधी मेंदूतून निरोप खाली यावा लागतो. इच्छाच जागी नसेल, तर नुसती गोळी घेऊन काही होत नाही.

मग थेट मेंदूलाच औषध द्यावं, असं शास्त्रज्ञांना वाटलं. अपोमॉर्फिन हे जुनं औषध, मॉर्फिनपासून केलेलं. एके काळी उलटी करवायला वापरत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथे ते डोपामिनसारखं, म्हणजे मेंदूतल्या निरोप पोचवणाऱ्या एका रसायनासारखं काम करतं आणि ताठरतेचा निरोप सुटतो. जिभेखाली ठेवायची त्याची गोळी २००१ मध्ये युरोपात आली. पण उलटीचं केंद्रही डोपामिनलाच ओ देतं! कुणाला मळमळ, कुणाला चक्कर, क्वचित कुणाला भोवळ. अमेरिकेत तर कंपनीने २००० सालीच अर्ज मागे घेतला होता.

दुसरी गोष्ट ॲरिझोना विद्यापीठातली. तिथे त्वचा सावळी करणारं औषध शोधत होते. एका संशोधकाने ते स्वतःला टोचून घेतलं, आणि ताठरता तासन्‌तास उतरेना. त्याच घराण्यातलं ब्रेमेलॅनोटाइड पुरुषांसाठी नाकातल्या फवाऱ्यातून देऊन पाहिलं, पण रक्तदाब वाढू लागला आणि ते काम थांबलं. २०१९ मध्ये अमेरिकेत तेच औषध इंजेक्शन म्हणून मान्य झालं, तेही पाळी चालू असलेल्या, इच्छा मंदावलेल्या स्त्रियांसाठी.

मला या प्रयत्नांचं मोल फार वाटतं. "सगळं तुमच्या मनात आहे" असं म्हणून रुग्णाला वाटेला लावायचे दिवस त्यांनी संपवले. मन ज्या मेंदूत वसतं, तोही शरीराचाच भाग आहे.

एक मात्र कळकळीने सांगतो. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेत असाल, तर व्हायग्राला हात लावू नका. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. आणि ही तक्रार हृदयविकाराची पहिली खूणही असू शकते. म्हणून पुढच्या वेळी साखरेच्या रिपोर्टआधी हेच सांगा. बोलवत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.